टीचिंग हॉस्पिटलची न्यूरोसर्जरी: पाटीवरचं नाव सोडा, युनिट पाहा

टीचिंग हॉस्पिटलच्या (वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या हॉस्पिटलच्या) न्यूरोसर्जरी, म्हणजे मेंदू आणि मणक्याच्या शस्त्रक्रियेच्या, विभागाबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. 'तिथे शिकाऊ पोरं डोकं उघडतात' हे एक, आणि 'सगळे मोठे तज्ज्ञ तिथेच असतात' हे दुसरं. दोन्ही अर्धीच खरी आहेत. सेवा म्हणून विभाग जोखायचा असेल तर विभागप्रमुखांची कीर्ती बाजूला ठेवावी आणि दोनच गोष्टी विचाराव्यात. आपल्याला हवं ते नेमकं ऑपरेशन इथे नियमित कोण करतं? आणि रात्री दोन वाजता रुग्णाच्या डोळ्याची बाहुली मोठी झाली (मेंदूवर दाब वाढल्याची खूण), तर कोण येतं आणि किती मिनिटांत?

आधी 'शिकाऊ' या शब्दाबद्दल. न्यूरोसर्जरीचा रेसिडेंट, म्हणजे काम करत शिकणारा डॉक्टर, हा कॉलेजातून कालच बाहेर पडलेला मुलगा नसतो. अमेरिकेत वैद्यकीय पदवीनंतर ७ वर्षं, ब्रिटनमध्ये पदवीनंतरची २ पायाभूत वर्षं संपल्यावर साधारण ८ वर्षं. भारतात जनरल सर्जरीचं एमएस करून ३ वर्षांचं एमसीएच (त्यापुढची सुपरस्पेशालिटी पदवी), नाहीतर एमबीबीएसनंतर थेट ६ वर्षांचा अभ्यासक्रम. त्यापुढे एखाद्या शाखेत एक-दोन वर्षांची फेलोशिप. म्हणजे शेवटच्या वर्षाच्या रेसिडेंटने अपघातातल्या रक्ताच्या गाठी स्वतः काढलेल्या असतात. हात कोणत्या क्रमाने बसवायचा हेही बहुतेक ठिकाणी सारखंच असतं: आधी वॉर्ड आणि आयसीयू, मग कवटीला छिद्र पाडून जुनं साकळलेलं रक्त काढणं, शंट (मेंदूतलं जादा पाणी शरीरात दुसरीकडे वळवणारी नळी), कमरेची डिस्क, कवटी उघडणं आणि बंद करणं, मग पृष्ठभागावरच्या गाठी. अॅन्युरिझम (रक्तवाहिनीवरचा फुगा) आणि कवटीच्या तळाच्या गाठी सगळ्यांत शेवटी.

चांगला विभाग हात ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) बाहेर तयार करतो. कोंबडीच्या पंखातली जेमतेम एक मिलिमीटरची रक्तवाहिनी, १०-० चा केसाहून बारीक धागा आणि मायक्रोस्कोप, एवढ्यावर रेसिडेंट टाके घालायला शिकतो. टाका ओढताना समोरची भिंतही शिवली गेली तर वाहिनी बंद होते. ही चूक कोंबडीच्या पंखावर शंभर वेळा झालेली बरी. मायक्रोस्कोपची वेगळी प्रयोगशाळा आहे का, हे विभागाच्या माहितीपत्रकातल्या पुरस्कारांच्या यादीपेक्षा जास्त सांगून जातं.

विभागाची खरी कसोटी मात्र एका छोट्या कामात लागते, मेंदूतलं पाणी बाहेर काढणारी नळी बसवण्यात. सगळे तिला ईव्हीडी म्हणतात. ती बहुतेक वेळा रात्री, घाईत आणि रेसिडेंटच्याच हातून बसते. जागा ठरलेली: नाकाच्या मुळापासून ११ सेंटीमीटर मागे, मध्यरेषेपासून साधारण ३ सेंटीमीटर बाजूला, शक्यतो उजवीकडे. छिद्र पाडायचं, मेंदूच्या आवरणाला बारीक चीर द्यायची आणि नळी कवटीला काटकोनात आत घालायची. साधारण ६ सेंटीमीटरच्या आत पाणी यायला हवं. नाही आलं तर आणखी खोल ढकलायचं नसतं, नळी बाहेर काढून दिशा तपासायची असते. तीन प्रयत्नांत जमलं नाही तर थांबून वरिष्ठाला बोलवायचं. हा शेवटचा नियम पाळला जातो का, यावरून त्या विभागात 'मला जमत नाही' म्हणायची मुभा आहे की नाही ते कळतं. मुभा नसेल, तर त्याचे व्रण सीटी स्कॅनवर दिसतात.

बसवल्यानंतरचा घोळ खाटेपाशी होतो. नळीला जोडलेल्या ड्रेनचं शून्य कानाच्या छिद्राच्या पातळीला लावायचं आणि ठिबकण्याची उंची सांगितली असेल तितकी, बऱ्याचदा त्यावर १० ते १५ सेंटीमीटर. आता कोणी नळी बंद न करता खाटेचं डोकं वर केलं, की डोकं चढतं, ड्रेन खालीच राहतो आणि पाणी भसकन निघून जातं. मेंदू आकसून आवरणाखाली रक्त साचू शकतं. फुटलेला अॅन्युरिझम अजून बंद केलेला नसेल तर तो पुन्हा फुटू शकतो. म्हणून आयसीयूत गेलात तर मॉनिटरकडे पाहू नका, सिस्टरच्या हाताकडे पाहा. खाट हलवण्याआधी तो हात आपोआप तोटीकडे जातो की नाही? सर्जन कितीही नामांकित असो, हे सिस्टरांपर्यंत पोहोचलं नसेल तर आमच्या लेखी तो विभाग कच्चा.

आता उपशाखा. 'न्यूरोसर्जन' हा शब्द आता फार ढोबळ झाला आहे. अॅन्युरिझमचंच घ्या. कवटी उघडून क्लिप लावता येते किंवा जांघेतून वा मनगटातून तार नेऊन आत कॉइल भरता येते. क्लिप आणि कॉइलची तुलना करणाऱ्या २००२ च्या आयसॅट चाचणीनंतर, दोन्ही शक्य असतील तिथे कल कॉइलकडे झुकला. पण मेंदूच्या मधल्या धमनीवरचे, रुंद मानेचे कित्येक अॅन्युरिझम अजूनही क्लिपलाच बरे. ज्या विभागात यातलं एकच येतं, तिथे सगळ्या रुग्णांना तेच 'योग्य' ठरतं. त्यामुळे क्लिप लावणारा आणि कॉइल भरणारा एकाच मीटिंगला बसून स्कॅन बघतात का, हे विचारावं. रक्तस्रावानंतर २१ दिवस निमोडिपिन हे औषध आणि चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत वाहिन्या आकसण्यावर नजर, हा भागही त्याच टीमचा. ऑपरेशन यशस्वी होऊन सातव्या दिवशी हात लुळा पडला, हा प्रकार इथलाच.

कानाच्या नसेवरच्या गाठीचंही तसंच. तिला तीन वाटा: कानामागून, आतल्या कानातून आणि वरून. आतल्या कानातून गेलं तर ऐकू येणं संपतं, हे आधीच ठरलेलं असतं. इथे ईएनटीचा सर्जन सोबत हवाच, आणि चेहऱ्याच्या नसेचं मॉनिटरिंगही. मॉनिटरिंग चालू असताना भूलतज्ज्ञाने स्नायू शिथिल करणारं औषध टाळायचं असतं. ते चालू राहिलं तर यंत्र गप्प बसतं आणि सर्जनला वाटतं सगळं ठीक आहे.

लहान मुलांसाठी मोठ्यांचा सर्जन चालवून घेऊ नये, विशेषतः शंटला. शंट बसवणं तासाभराचं काम, म्हणून ते सोपं समजून सर्वांत धाकट्याकडे जातं. बिघडण्याचं प्रमाण मात्र न्यूरोसर्जरीत वरच्या क्रमांकाचं, तेही पहिल्या वर्षात. जिथे शंटची केस दिवसाची पहिली घेतात, ओटीत माणसं मोजकी ठेवतात आणि दुहेरी हातमोजे घालतात, तिथे संसर्गाचा विचार झालेला आहे.

पार्किन्सनसाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची सध्याची पद्धत १९८७ च्या सुमारास ग्रेनोब्लमध्ये बेनाबिद आणि सहकाऱ्यांनी रुळवली. तिथे सर्जनपेक्षा पुढची विचारपूस महत्त्वाची: उपकरण चालू केल्यावर महिनोन्महिने त्याचं सेटिंग कोण करणार? हालचालींच्या विकारांचा न्यूरोलॉजिस्ट नियमित ओपीडीला नसेल तर महागडी बॅटरी छातीत नुसती बसून राहते. मणक्याबद्दल एवढंच की चुकीच्या मणक्यावर ऑपरेशन होण्याचा धोका छातीच्या मागच्या भागात जास्त, कारण तिथे मणके मोजताना चूक सहज होते. एक्स-रेखाली मणका पक्का केल्याची प्रतिमा रेकॉर्डमध्ये हवी.

जिथे गुण कापावे लागतात ती जागा म्हणजे संमतिपत्र. एकाच सर्जनच्या नावावर दोन ओटी एकाच वेळी चालणं टीचिंग हॉस्पिटलांत नवं नाही. त्यात गैर काही नाही, पण ऑपरेशनचा कळीचा भाग कुठला आणि त्या वेळी सर टेबलाशी असतील का, हे आधी सांगायला हवं. 'आमच्या टीमकडून' या शब्दांत सगळं गुंडाळणारे विभाग इथे नापास. थेट विचारा: उघडणार कोण, गाठीपाशी कोण, बंद करणार कोण. सरळ उत्तर देणाऱ्या विभागात शेवटचा टाका तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटचा असला तरी काही बिघडत नाही.

रात्रीची साखळी बहुधा या हॉस्पिटलांची सर्वांत मोठी जमेची बाजू. रेसिडेंट इमारतीतच असतो आणि सीटी चोवीस तास चालू असतो. तासातासाला ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे रुग्ण किती शुद्धीत आहे याचे गुण, नोंदवलं जातं. १९७४ पासून वापरात असलेली ही ३ ते १५ ची मोजणी. त्यात दोन गुणांनी घट झाली की फोन आणि सीटी, चर्चा नंतर. लहान खासगी ठिकाणी सर्जन उत्तम असूनही नेमका हाच मधला माणूस नसतो. ठरवून करायच्या ऑपरेशनला मात्र इथे ताटकळावं लागतं, कारण अपघाताची केस आली की यादी मागे सरकते.

डिस्चार्ज ही सगळ्यांत कच्ची बाजू. युनिट बदलतं, रेसिडेंटची पोस्टिंग संपते आणि कागद अर्धवट राहतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीची गाठ नाकातून काढलेला रुग्ण चौथ्या दिवशी हसत घरी जातो आणि सातव्याच्या आसपास रक्तातलं सोडियम घसरून गुंगीत किंवा फिट येऊन परत येतो. सातव्या दिवसाची सोडियमची चिठ्ठी आणि रोज किती पाणी प्यायचं, हे लिहून मिळालं का ते निघण्याआधी पाहा. नाकातून पाण्यासारखा थेंब गळत असेल, विशेषतः पुढे वाकल्यावर, तर ते मेंदूतलं पाणी असू शकतं, सर्दी समजून थांबायचं नाही. शंटवाल्या रुग्णाला व्हॉल्व्हचा (पाण्याचा प्रवाह ठरवणाऱ्या झडपेचा) प्रकार आणि सेटिंग लिहिलेलं कार्ड हवंच. काही व्हॉल्व्हचं सेटिंग एमआरआयच्या चुंबकाने बदलतं आणि कार्ड नसेल तर पुढच्या हॉस्पिटलातल्या रेसिडेंटला कवटीचा एक्स-रे काढून, व्हॉल्व्हच्या खुणा चित्रांशी जुळवत बसावं लागतं.