ब्लूटूथवाला वजनकाटा, ७ महिन्यांनंतर (पहिले ६ आठवडे आकडा जागचा हलला नाही)

घेताना मी भरपूर रिव्ह्यू वाचले होते पण सगळे दुसऱ्या दिवशी लिहिलेले, पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेवर, दिसायला मस्त. अरे वजनकाट्याचा रिव्ह्यू दुसऱ्या दिवशी काय लिहिणार, कप्पाळ? म्हणून मी सात महिने थांबले. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, कारण हजार-पंधराशेतले हे काचेचे काटे सगळे एकाच माळेचे मणी, चार कोपऱ्यांत चार सेन्सर, वर काच आणि मोबाईलला जोडायला अ‍ॅप.

६ जानेवारीला सुरू केलं. वय ४३, उंची ५ फूट २, वजन ७४.८, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) तिशीच्या पार, आणि आपल्या लोकांना २५ च्या वरच लठ्ठ धरतात. घरात नेहमीची चर्चा झाली, डाएट डॉ. दीक्षितांचं करायचं की ऋजुता दिवेकरांचं. नवऱ्याने दीक्षित धरलं, दिवसातून दोनदाच जेवण आणि तेही ५५ मिनिटांत उरकायचं. मला ते जमण्यातलं नव्हतं म्हणून मी साधंच केलं, चहातली साखर बंद, संध्याकाळचा चिवडा-फरसाण बंद (नाशिकमध्ये राहून!), रात्रीचा भात बंद आणि सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर ४५ मिनिटं चालणं. जानेवारीत नाशिकची थंडी काय असते ते नाशिककरांना सांगायला नको, स्वेटर, कानटोपी, वरून नवऱ्याचं जर्किन घालून मी चालायचे.

बारा दिवसांत नवऱ्याचं ३ किलो गेलं. माझं ७४.८, ७४.६, ७५.१, मग ७४.६, ७४.६, ७४.६. सासूबाई म्हणाल्या, "अगं काहींच्या पाणी प्यायलं तरी अंगी लागतं." आणि त्यात संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालू, रोज कुणाकडे तरी जायचं, तिळगूळ हातात घेऊन पर्समध्ये टाकायचा आणि काट्याने मात्र आपली दखलच घ्यायची नाही. फार राग यायचा.

आता हे ओळीने तीन दिवस ७४.६ होतं ना, त्यात काट्याची एक गंमत निघाली जी डब्यावर कुठेही लिहिलेली नाही. अकरावीतला मुलगा म्हणाला, आई तू एकदा पाण्याची बाटली धरून उभी राहा. लिटरची भरलेली बाटली घेऊन चढले, उतरले, बाटली खाली ठेवून परत चढले, तर ७४.३! म्हणजे यातल्या बऱ्याच काट्यांना मागचा आकडा लक्षात ठेवायची खोड असते, फरक थोडासाच असेल तर ते सरळ जुना आकडाच परत दाखवतात, म्हणजे आपल्याला वाटावं काटा किती पक्का, दोनदा उभं राहिलं तरी तेच वजन. तेव्हापासून रोज आधी बाटली घेऊन चढायचं, मग नुसतं. माझे ३०० ग्रॅम या काट्याने दाबून ठेवले होते आणि त्या दिवसांत ३०० ग्रॅम म्हणजे मला सोनं होतं हो.

पण सगळा दोष काट्याला देऊन चालणार नाही. नवऱ्याचे ते ३ किलो म्हणजे बरंचसं पाणी होतं हे मला नंतर कळलं. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं एकदम कमी केलं की तो साठा वापरला जातो आणि पाणी निघून जातं. माझं नेमकं उलटं, वीस वर्षांत न चाललेली बाई रोज पाऊण तास चालायला लागली, पायाचे गोळे दुखून आले, असे दुखणारे स्नायू सावरताना पाणी धरून ठेवतात. वर पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस, त्यात किलो-दीड किलो कुठून येतं आणि कुठे जातं ते आम्हा बायकांनाच माहीत. नवऱ्याला ही भानगड नाही, त्यामुळे त्याच्या आकड्याशी स्वतःचा आकडा लावून बघणं हा शुद्ध वेडेपणा होता आणि तो मी रोज सकाळी करत होते.

एक सोमवार तर पक्का लक्षात आहे. रविवारी पाहुणे आले म्हणून सगळे मिसळ खायला गेलो, तर्री दोनदा मागितली, दोन पापड, ताक. सोमवारी ७५.९. रात्रीत सव्वा किलो! बाथरूमच्या दारात उभी राहून रडायचीच बाकी होते. मुलाने मोबाईलवर हिशेब केला, किलोभर चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, तेवढं जास्तीचं खाल्लं असतंस तर हॉटेलवाल्याने तुझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला असता. मीठ होतं ते, दुसरं काही नाही. बुधवारी परत ७४.५.

त्याच हिशेबाने उलटं बघा. रोज ३०० कॅलरी कमी पडल्या तर एक किलो जायला साधारण २६ दिवस, म्हणजे दिवसाला जेमतेम ४० ग्रॅम. आणि काटा दाखवतो १०० ग्रॅमच्या पायऱ्यांनी, वर पाणी-मीठ-पोट साफ झालं नाही यात रोज किलोभर इकडेतिकडे. त्या गोंधळात ४० ग्रॅम दिसणार कुठून? पहिल्या महिन्यात काही घडत नव्हतं असं नाही, ते दिसण्याइतकं मोठं झालेलं नव्हतं. हे मला दुकानदाराने सांगितलं असतं तर त्याचे पाय धरले असते.

पाचव्या आठवड्यात मी काटा कपाटाखाली ढकलला आणि डॉक्टरांकडे गेले. त्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करायला सांगितलं, ते नॉर्मल आलं. (चाळिशीच्या बायकांनी हे एकदा करून घ्याच, थायरॉईड असेल तर नुसतं चालून स्वतःला कोसत बसण्यात अर्थ नाही.) मग त्यांनी विचारलं कंबर मोजली का. पहिल्या दिवशी अ‍ॅपने विचारली म्हणून मोजली होती, ९७ सेंटीमीटर. घरी येऊन शिवणाच्या डब्यातली सासूबाईंची टेप काढली, तीन वेळा मोजली कारण विश्वास बसेना, ९४. वजन जेमतेम अर्धा किलो खाली आणि कंबर ३ सेंटीमीटर. बायकांची ८० च्या आत हवी म्हणतात, तो पल्ला लांब आहे, पण त्या संध्याकाळी काटा कपाटाखालून बाहेर आला.

तेव्हापासून अ‍ॅप बघणं बंद. कालनिर्णयच्या चौकटीत दुधाच्या हिशेबावर वजन लिहायचं आणि रविवारी सात दिवसांची सरासरी काढायची. पहिल्या सहा आठवड्यांची नंतर बसून काढली, ७४.९, ७४.७, ७४.८, ७४.४, ७४.३, ७४.१. बघा ना, रोजच्या आकड्यांत काही म्हणजे काही कळत नव्हतं आणि इथे घसरण सरळ दिसते. आठव्या आठवड्यात एकदम ७३.२. मे मध्ये आमरसाने तीन आठवडे एकाच जागी बसवलं, आणि उपासाच्या दिवशी आमच्याकडे एकादशी दुप्पट खाशी, साबुदाण्याच्या खिचडीला नाही म्हणणं मला जमलेलं नाही. तरी आज सरासरी ६८.१ आणि कंबर ८८.

काट्याबद्दल आता. वजनाला खरा आहे, नवऱ्याने गॅसचा नवा सिलिंडर ठेवून बघितला, सिलिंडरवर लिहिलेलं रिकाम्याचं वजन अधिक १४.२ किलो गॅस, १०० ग्रॅमचा फरक आला, तेवढं चालतं. (काचेवर सिलिंडर ठेवला म्हणून मी ओरडले ते वेगळं.) फरशी सपाट हवी, पायपुसण्यावर ठेवला की काहीच्या काही दाखवतो, आमच्या बाथरूमबाहेरच्या फरशीला थोडा उतार आहे तिथे आणि हॉलमध्ये अर्ध्या किलोचा फरक. जागा एक ठरवा, वेळ एक ठरवा, सकाळी चहाच्या आधी. सेल अजून पहिलेच चालू आहेत.

चरबी टक्के, हाडं, शरीराचं वय वगैरे जे दाखवतो ते मात्र निव्वळ करमणूक. एका पायातून बारीकसा करंट सोडून दुसऱ्या पायातून घेतो आणि त्यावरून अंदाज बांधतो, त्यामुळे पाय कोरडे की ओले यावर सगळं अवलंबून. कोरड्या पायांनी ३८.२ टक्के, अंघोळ करून तशीच उभी राहिले तर ३५.९. अंघोळीने चरबी जात असती तर कुंभमेळ्यानंतर नाशिकात कुणी जाडं उरलंच नसतं. माझ्या शरीराचं वय ५६ दाखवलं त्या दिवशी अ‍ॅपच उडवलं. त्यासाठी जास्तीचे पाचशे मोजू नका, साधा आकडा दाखवणारा घ्या.

माझ्या नणंदेने माझं बघून हाच घेतला, ती दिवसातून पाच वेळा चढते, जेवणाआधी, जेवल्यावर, चालून आल्यावर, आणि प्रत्येक वेळी मला फोन. असा स्वभाव असेल तर काटा घेऊच नका, टेप घ्या, वीस-तीस रुपयांत येते आणि तिला बॅटरी लागत नाही.

पाचपैकी साडेतीन स्टार. एक त्या जुना आकडा दाखवायच्या लबाडीसाठी कापला आणि अर्धा ५६ साठी.

परवा नारळी पौर्णिमेला नारळीभात केला, दोनदा घेतला. काल सकाळी ६८.९. लिहिलं, खाली दूध दीड लिटर लिहिलं आणि बूट घातले.