जून चुकला की वर्ष चुकते : जलसंशोधनाच्या अनुदानासाठी असलेल्या ऑनलाइन अर्जप्रणालीचे परीक्षण

भूजलावर किंवा नदीखोऱ्यावर संशोधन करू इच्छिणाऱ्या प्राध्यापकाला केंद्र शासनाकडे अनुदान मागायचे असेल, तर आता प्रस्तावाच्या प्रती बांधून दिल्लीला पाठवाव्या लागत नाहीत; नोंदणीपासून शेवटच्या हिशेबापर्यंतचा बहुतेक व्यवहार संकेतस्थळावरून होतो. अशाच एका शासकीय यंत्रणेच्या ऑनलाइन प्रणालीतून मी माझा प्रस्ताव पाठवला, तो मंजूर झाला, तीन वर्षांचे काम झाले आणि हिशेबही दिला गेला. त्या सगळ्या अनुभवाचे हे परीक्षण आहे. यंत्रणेचे नाव येथे घेत नाही, कारण अन्य यंत्रणांकडे अर्ज केलेल्या माझ्या सहकाऱ्यांच्या कहाण्याही याच वळणाच्या आहेत.

अर्ज कोणत्या दारी न्यायचा, हे आधी ठरवावे लागते. जलशक्ती मंत्रालय (मे २०१९ मध्ये दोन मंत्रालये एकत्र करून ते स्थापन झाले) पाण्यावरील उपयोजित संशोधनाला तज्ज्ञ समित्यांमार्फत अर्थसाहाय्य देते. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा जल तंत्रज्ञान उपक्रम २००७ पासून चालू असून त्याचा भर शुद्धीकरणाच्या आणि व्यवस्थापनाच्या तंत्रांवर आहे. मूलभूत विज्ञानाचे जे प्रस्ताव पूर्वी विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे जात, ते आता २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे जातात. राज्य पातळीवर राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. यांपैकी प्रत्येकाची अपेक्षा वेगळी असते आणि चुकीच्या दारी गेलेला चांगला प्रस्ताव पहिल्याच चाळणीत परत येतो, म्हणून आवाहनाची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

माझा विषय विहिरींचा होता. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन लाव्हाथरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यात. त्यामुळे एकाच बांधाच्या दोन बाजूंना असलेल्या दोन विहिरींपैकी एकीत मार्चअखेर दीड परस पाणी असते आणि दुसरीचा तळ जानेवारीतच उघडा पडतो. माणगंगा नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या पाणलोटात २६ विहिरी निवडून, पावसाचे किती पाणी मुरते आणि मुरलेले पाणी किती दिवस टिकते, हे सलग तीन वर्षे मोजावे, असा माझा प्रस्ताव होता.

संकेतस्थळावरची नोंदणी सोपी आहे. खासगी किंवा स्वयंसेवी संस्थेतील अर्जदाराला संस्थेच्या मान्यतेची आणि नोंदणीची जास्तीची कागदपत्रे लागतात. ती आधीच जमवून ठेवावीत. मुख्य अर्जाची रचना मला मनापासून आवडली. समस्येची मांडणी, आधी झालेल्या कामाचा आढावा, उद्दिष्टे, कार्यपद्धती आणि वर्षनिहाय वेळापत्रक या क्रमाने विचार करावा लागल्यामुळे माझ्याच डोक्यातला गोंधळ बराच कमी झाला. सर्वांत मोलाचा रकाना शेवटी येतो : निष्कर्षांचा उपयोग कोण आणि कसा करणार? मी आधी तेथे ‘शेतकऱ्यांना मार्गदर्शन होईल’ अशा अर्थाच्या तीन ओळी लिहिल्या होत्या. त्या वाचून माझे मलाच समाधान होईना, म्हणून मी गावच्या ग्रामसेवकांना आणि जिल्ह्यातील भूजल सर्वेक्षणाच्या कामाशी संबंधित मंडळींना भेटलो. २५ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झालेल्या, सात राज्यांतल्या आणि ६,००० कोटी रुपयांच्या अटल भूजल योजनेत प्रत्येक सहभागी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षा आराखडा अपेक्षित होता आणि त्या आराखड्यात पुनर्भरणाचा, म्हणजे मुरून भूजलात भर घालणाऱ्या पाण्याचा, आकडा लागत होता, हे त्या भेटींतून नेमके समजले. मग माझ्या प्रकल्पातून निघणारा आकडा कोणत्या तक्त्याच्या कोणत्या ओळीत बसेल, ते मी लिहिले. पुढे समितीसमोर सर्वाधिक चर्चा याच परिच्छेदावर झाली.

दोष सांगायचे तर अर्जातील अक्षरमर्यादा फार आखडती आहे, मजकूर लिहिताना थोडा वेळ थांबले की लॉगिन आपोआप तुटते आणि न साठवलेला मजकूर जातो. सगळा मजकूर आधी संगणकावर लिहून, मोजून, मगच पेटीत चिकटवावा. नकाशाच्या बाबतीत अडचण जास्त गंभीर आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर मी ओढे, समोच्च रेषा आणि विहिरी दाखवल्या होत्या, फाईलचा आकार मर्यादेत बसवण्यासाठी तो इतका दाबावा लागला की समोच्च रेषा एकमेकींत मिसळल्या आणि विहिरींचे क्रमांक वाचता येईनात. अखेर समोच्च रेषा काढून टाकून, फक्त पाणलोटाची सीमा, ओढे आणि विहिरी असा कृष्णधवल नकाशा हाताने नव्याने काढून जोडला. पाण्याच्या प्रस्तावात नकाशा हा प्रस्तावाचा कणा असतो. त्यासाठी वेगळी आणि मोठी जागा असायलाच हवी.

अंदाजपत्रकाचा भाग नवख्यांनी फार सावकाश भरावा. उपकरणे, मनुष्यबळ, उपभोग्य वस्तू, प्रवास, आकस्मिक खर्च आणि संस्थेचा प्रशासकीय खर्च अशी शीर्षे ठरलेली असतात आणि एका शीर्षातील रक्कम दुसऱ्यात वळवायला पूर्वपरवानगी लागते. कनिष्ठ संशोधन अधिछात्राची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये अधिक घरभाडे भत्ता अशी आहे, ती तशीच लिहावी. उपकरणांत एक चूक अनेकांकडून होते. विहिरीत सोडायचे पाणीपातळीचे लॉगर (ठरावीक वेळाने आपोआप नोंद घेणारी उपकरणे) बहुधा पाण्याचा आणि हवेचा एकत्रित दाब मोजतात. हवेचा दाब वजा करण्यासाठी पाण्याबाहेर ठेवायचा एक स्वतंत्र लॉगर लागतो. तो अंदाजपत्रकात राहून गेला, तर लाखो नोंदी हाती येऊनही पातळी अचूक काढता येत नाही. माझ्या दरपत्रकात तो नव्हता. पुरवठादाराच्या तंत्रज्ञाने फोनवर विचारले म्हणून वेळेत लक्षात आले.

मला खरी खंत वाटते ती गावातल्या निरीक्षकांच्या मानधनाची. आठवड्यातून एकदा टेप सोडून पातळी लिहून ठेवणाऱ्या गावातल्याच तरुणाला महिन्याला काही रक्कम द्यावी, यासाठी अर्जात रकानाच नाही. ही रक्कम मी आकस्मिक खर्चात दाखवली आणि छाननीत ती वगळली गेली. टेंभू उपसा सिंचन योजनेचे आवर्तन, म्हणजे कालव्याचे पाळीचे पाणी, कोणत्या दिवशी सुटले, कोणत्या शेतकऱ्याने विहिरीत नवे आडवे बोअर मारले, मोटर किती तास चालली, हे महिन्यातून एकदा जाणाऱ्या संशोधकाला कळत नाही. पाऊस नसताना मार्चमध्ये पातळी हातभर वर आली, तर लॉगर फक्त आकडा देतो. तो आकडा कालव्याच्या पाण्याचा आहे हे सांगणारा माणूस विहिरीजवळच राहणारा असतो.

आता ज्या कारणासाठी मी हे परीक्षण लिहायला घेतले, त्याकडे येतो. शासनाचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि पाण्याचे वर्ष जूनच्या पहिल्या पावसाला. अर्जप्रणालीत या दुसऱ्या वर्षाची दखल कोठेही नाही. माझ्या वेळी प्रस्ताव मागवले गेले ऑगस्टमध्ये, मुदत संपली सप्टेंबरच्या मध्याला, सादरीकरण जानेवारीत झाले, मंजुरीचा आदेश जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला आणि पहिला हप्ता संस्थेच्या खात्यात पोहोचला ऑगस्टच्या उत्तरार्धात. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हे दोन-अडीच महिने फारसे जाणवणार नाहीत. विहिरींच्या अभ्यासात मात्र मेअखेरची सर्वांत खालची पातळी आणि ऑक्टोबरमधली सर्वांत वरची पातळी यांतला फरक हाच पुनर्भरणाच्या हिशेबाचा पाया असतो. मेची नोंद हुकली की त्या वर्षाची वजाबाकीच करता येत नाही.

मंजुरी मिळेल या भरवशावर मी आणि दोन विद्यार्थ्यांनी ती नोंद स्वखर्चाने घेतली. २७ आणि २८ मे या दोन दिवसांत एका दुचाकीवरून आम्ही २६ पैकी २३ विहिरी मोजल्या. कठड्यावर खडूने खूण करायची, तेथून टेप सोडायचा, टेपच्या टोकाला बांधलेला लोखंडी नट पाण्याला लागल्याचा आवाज ऐकायचा आणि वहीत आकडा लिहायचा, एवढीच आमची यंत्रणा होती. सात विहिरींत नटाचा आवाज पाण्याचा आलाच नाही. तो गाळावर टेकला. राहिलेल्या तीन विहिरींची पहिल्या वर्षीची पातळी आजही माझ्या तक्त्यात कोरी आहे. लॉगर खरेदीची प्रक्रिया पूर्ण होऊन नोव्हेंबरमध्ये आले, तोपर्यंत पाऊस परतला होता. प्रकल्पाचा कालावधी मात्र मंजुरी आदेशाच्या तारखेपासून मोजला गेला, त्यामुळे कागदावरच्या तीन वर्षांत उपकरणांनी मोजलेले पावसाळे दोनच आले.

दुसऱ्या हप्त्याचेही तसेच झाले. ३१ मार्चपर्यंतचा खर्च, वित्तीय नियमावली २०१७ मधील ‘१२-अ’ नमुन्यातले उपयोगिता प्रमाणपत्र, खात्यात जमा झालेल्या व्याजाचा हिशेब आणि प्रगती अहवाल, हे सगळे पोहोचल्याशिवाय पुढची रक्कम सुटत नाही आणि सार्वजनिक पैशाच्या बाबतीत हा आग्रह मला पूर्णपणे योग्य वाटतो. परंतु पहिला हप्ता ऑगस्टअखेर आला असता मार्चपर्यंत मनुष्यबळाची रक्कम संपणे शक्यच नसते. शिल्लक पुढे नेण्याची परवानगी, लेखापरीक्षण आणि त्यावरच्या शंका यांत जून ते ऑक्टोबर हे महिने गेले. नेमक्या पावसाळ्यात संशोधन साहाय्यकाचे पैसे महाविद्यालयाने आगाऊ दिले म्हणून काम थांबले नाही. सगळ्याच महाविद्यालयांना हे परवडत नाही. पाण्याशी संबंधित प्रस्तावांसाठी आवाहन जूनमध्ये काढून निधी एप्रिलपर्यंत द्यावा, किंवा निदान प्रकल्पाचा आरंभ पुढच्या १ जूनपासून मोजण्याची मुभा अर्जदाराला द्यावी, अशी लेखी सूचना मी अंतिम अहवालात केली आहे.

तज्ज्ञ समितीसमोरचे सादरीकरण हा या सेवेचा सर्वांत चांगला भाग आहे. मला दहा मिनिटे मिळाली आणि त्यानंतर जवळजवळ वीस मिनिटे प्रश्न झाले. बेसाल्टमधल्या भूजलावर दीर्घकाळ काम केलेल्या एका सदस्यांनी विचारले, “विहीर कोरडी पडली, तर तुम्ही तक्त्यात काय लिहिणार?” मी म्हणालो, नोंद नाही असे लिहीन. त्यांनी शांतपणे समजावले की कोरडी विहीर हीदेखील नोंदच आहे. पातळी तळाच्या खाली गेली एवढे निश्चित कळते, म्हणून प्रत्येक विहिरीच्या तळाची खोली आधी मोजून ठेवावी आणि गाळ काढला की ती पुन्हा मोजावी. मेमध्ये नट गाळावर टेकलेल्या त्या सात विहिरींच्या आकड्यांना अर्थ आला तो या सल्ल्यामुळे. प्रस्ताव नामंजूर झालेल्या माझ्या एका सहकाऱ्यालाही परीक्षकांचे मुद्देसूद अभिप्राय मिळाले आणि ते त्याला पुढच्या अर्जात उपयोगी पडले.

मदतकक्षाबद्दल थोडक्यात सांगतो. ईमेलला उत्तर तीन-चार दिवसांत येते, तांत्रिक अडचण सुटते; आर्थिक नियमांच्या प्रश्नाला मात्र नियमाचा क्रमांकच परत येतो. त्यासाठी आपल्या संस्थेतील लेखापालांना अर्ज भरण्याच्या दिवसापासून सोबत घ्यावे.

प्रस्तावाची छाननी आणि अर्जाची रचना यांसाठी मी या सेवेला पाचपैकी साडेचार गुण देईन, संकेतस्थळाला तीन आणि निधी वितरणाच्या वेळापत्रकाला दीड. तरीही जलसंशोधन करणाऱ्या तरुण प्राध्यापकांनी, विशेषतः तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यांनी, अर्ज अवश्य करावा, कारण २६ विहिरी तीन वर्षे मोजण्याइतका पैसा महाविद्यालयाच्या अंतर्गत निधीतून उभा राहत नाही. वेळापत्रकाच्या रकान्यात पहिल्या वर्षाखाली केवळ ‘क्षेत्रीय काम’ असे न लिहिता महिन्यांची नावे लिहावीत, मे आणि ऑक्टोबरच्या मोजण्या अनुदानाची वाट न पाहता सुरू कराव्यात आणि तीनऐवजी चार पावसाळे मागावेत. माझा दुसरा प्रस्ताव मी याच प्रणालीतून पाठवला आहे. त्यात कालावधी साडेतीन वर्षांचा धरला असून त्याचे कारण म्हणून पहिल्या प्रकल्पातल्या त्या तीन कोऱ्या रकान्यांचा तक्ता जोडला आहे.