आरएनेज ए, 100 मिलिग्रॅमची पावडर: मरता मरत नाही, हाच गुण आणि हाच दोष

पार्सल पणजीत पोचेपर्यंत आतल्या जेल पॅकचं पाणी झालेलं असेल, तर घाबरून ते परत पाठवू नका. गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं, आरएनए कापणारं हे एन्झाइम 124 अमिनो आम्लांचं, जेमतेम 13.7 किलोडाल्टनचं. चार डायसल्फाइड बंधांनी ते इतकं घट्ट बांधलेलं असतं की उकळलं तरी थंड झाल्यावर पुन्हा मूळ घडीत बसतं. ही घडी कशी बसते यावरच्या कामासाठी ख्रिश्चन अ‍ॅन्फिन्सेन यांना 1972 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. कोरड्या पावडरीसाठी थंड वाहतुकीचे वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

खरा शत्रू आपल्याकडचा जुलै. फ्रीझरमधून काढलेली बाटली लगेच उघडली की पावडर हवेतली ओल ओढते, गोळे होतात आणि वजन चुकतं. आधी बंद बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या. त्याहून बरं म्हणजे वजन करतच बसू नका, अख्खी बाटली एकदम विरघळवा: 10 मिलिमोलर सोडियम अ‍ॅसिटेट, पीएच 5.2, 10 मिलिलिटर. उकळत्या पाण्यात 15 मिनिटं ठेवून सावकाश थंड करा, मग 1 मोलर ट्रिस बफर (पीएच 7.4) 1 मिलिलिटर घाला. ट्रिस आधीच घालून उकळलं तर प्रथिन साकळून तळाशी बसतं. बहुतेकांची फजिती इथेच होते. उकळायचं ते सोबत आलेलं डीएनेज (डीएनए कापणारं एन्झाइम) मारण्यासाठी. लेबलवर ‘डीएनेजमुक्त’ असेल तर ही पायरी गाळा. लहान ट्यूबांत वाटून उणे 20 ला ठेवा.

काम चोख. काजूच्या पानातून सीटॅब (एक डिटर्जंट) पद्धतीने काढलेला डीएनए टीई बफरमध्ये विरघळल्यावर 100 मायक्रोलिटरला 1 मायक्रोलिटर घाला आणि 37 अंशांवर अर्धा तास ठेवा. जेलच्या तळाशी दिसणारा आरएनएचा धुरकट पट्टा जातो. 260 नॅनोमीटरवरचा प्रकाश-शोषणाचा आकडाही खाली येतो, कारण आधी त्यात आरएनएही मोजला जात होता. पानांच्या टॅनिनमुळे डीएनए तपकिरी झाला असेल, तर त्यावर मात्र हा उपाय नाही.

काप आरएनएतल्या सी किंवा यू या अक्षरांनंतर पडतो. एन्झाइममधली हिस्टिडिन 12 आणि 119 ही अमिनो आम्लं आरएनएच्याच 2-प्राइम हायड्रॉक्सिलला कामाला लावतात. डीएनएत तो गट नाही, म्हणून डीएनए वाचतो. मॅग्नेशियम लागत नाही, त्यामुळे मॅग्नेशियम पकडून ठेवणारं ईडीटीए घालून हे थांबत नाही. मीठ 0.3 मोलरच्या वर असेल तर फक्त एकेरी आरएनए कापला जातो. मीठ कमी असेल तर दुहेरीही कापला जातो.

एक तारा कापला तो याच चिवटपणासाठी. त्याच बाकावर पुढच्या आठवड्यात कोणी आरटी-पीसीआरसाठी (आरएनएवरून डीएनए बनवून तो वाढवण्याची पद्धत) आरएनए काढणार असेल तर त्याचं नशीब! ऑटोक्लेव्हवर भरवसा ठेवू नका. काच 180 अंशांवर आठ तास भाजा, जेलची टाकी 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने 10 मिनिटं भिजवा. डीईपीसी (आरएनेज निकामी करणारं रसायन) पाण्यासाठी ठीक, ट्रिस बफरसाठी नाही, कारण ट्रिस त्यालाच खाऊन टाकतं. एक पिपेट कायमची आरएनेजसाठी राखून तिला लाल चिकटपट्टी लावा.