आधी जागा, मग खेळ: क्लबच्या बुकिंग सॉफ्टवेअरचा आठ महिन्यांचा अनुभव

कोथरूडच्या आमच्या क्लबचं बुकिंग मी बघते. दिवाळीपर्यंत सगळा कारभार गेटवरच्या लांबोड्या वहीत आणि दोरीला बांधलेल्या पेनावर चालायचा. पाडव्याला सॉफ्टवेअर सुरू केलं, आणि पुढच्याच रविवारी सकाळी सातला हॉलच्या दारात बास्केटबॉलची दहा मुलं आणि बॅडमिंटनचे आठ सभासद एकदम हजर. दोघांच्याही मोबाइलवर ‘बुकिंग कन्फर्म’. मुलं वारज्याहून सायकली मारत आलेली. त्यांना परत पाठवताना फार वाईट वाटलं.

चूक मी माहिती भरली त्यात होती. ‘तुमच्याकडे काय काय आहे’ या रकान्यात मी खेळांची यादी दिली: बॅडमिंटन, बास्केटबॉल, पिकलबॉल (छोट्या बॅटने प्लास्टिकचा चेंडू नेटपलीकडे मारायचा खेळ). हे सगळं एकाच लाकडी फ्लोअरवर चालतं, हे सॉफ्टवेअरला कुठून कळणार? बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५ मीटर. त्यातच आमची बॅडमिंटनची चार कोर्टं आडवी आखलीत, १३.४० बाय ६.१० ची. पिकलबॉलचं ४४ बाय २० फूट, म्हणजे जवळपास बॅडमिंटनएवढंच.

कंपनीच्या मुलीने फोनवर पाऊण तास थांबून नीट समजावलं. मग मी सगळं पुसून जागेप्रमाणे भरलं. ‘हॉल’ ही मूळ सुविधा, तिच्या पोटात चार कोर्टं. आता एक जरी कोर्ट गेलं तरी बास्केटबॉलला हॉल मिळत नाही, आणि हॉल गेला की चारही कोर्टं स्क्रीनवर आपोआप करडी होतात, म्हणजे बुक करता येत नाहीत. त्या रविवारनंतर एकदाही दोन गट समोरासमोर आलेले नाहीत. एवढ्यासाठी तरी पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

पिकलबॉल फक्त कोर्ट तीन आणि चारवर, तेही दुपारी चारनंतर ठेवलंय. बॅडमिंटनचे खांब काढून बुटकी नेट लावायला मामांना दहा मिनिटं लागतात, म्हणून स्लॉटमध्ये तेवढी फट हवी. पण सॉफ्टवेअर ही फट दिवसभर लावतं, खेळ बदलो न बदलो. सकाळी सहा ते दहात तासाचे चार स्लॉट बसायचे, तिथे या दोन कोर्टांवर तीनच उरले. ज्या बॅडमिंटनला इंग्रज एके काळी ‘पूना’ म्हणत, त्याचाच सकाळचा तास पुण्यात वाया जातो, हे मला खरंच खटकतं.

टेबल टेनिसची बारा टेबलं आहेत. यादीत टेबल १ नंतर १०, ११, १२ आणि मग २ यायचं, ज्येष्ठ सभासद हमखास चुकीचं टेबल धरायचे. ०१, ०२ असं लिहिल्यावर ओळ लागली.

खरी तक्रार पावसाळ्याची. टेनिसची तिन्ही मातीची कोर्टं जूनमध्ये भिजली की प्रत्येक कोर्ट वेगळं बंद करावं लागतं, प्रत्येक स्लॉटचे पैसे वेगळे परत करावे लागतात. सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही कोर्टांचा गट आहे, पण गटाला एकत्र कुलूप लावता येत नाही. परवा रात्री साडेदहाला सव्वीस बुकिंगं मी एकेक करून रद्द केली. कंपनीला लेखी कळवलंय. तुम्ही डेमो घ्याल तेव्हा त्यांना समोर बसवून हेच एक करून दाखवायला सांगा.