सिंगापूर ते न्यूयॉर्क : विनाथांबा जावे की फ्रँकफर्टमार्गे?

सिंगापूर आणि न्यूयॉर्क यांच्यातील हवाई अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर भरते. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा धरून हा आकडा काढलेला असतो, आणि ही रेषा जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जाते. फ्रँकफर्टमार्गे पहिला टप्पा सुमारे १०,३०० आणि दुसरा सुमारे ६,२०० किलोमीटरचा, म्हणजे एकूण १६,५००. केवळ अंतर पाहणाऱ्याला बाराशे किलोमीटरची ही तफावत किरकोळ वाटेल, कारण ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान तेवढे अंतर दीड तासाच्या आत कापते. प्रत्यक्षात मात्र विनाथांबा उड्डाणाला साडेअठरा ते एकोणीस तास लागतात, तर फ्रँकफर्टमार्गे चोवीस तासांच्या आसपास.

या पाच तासांपैकी काही भाग थांब्यातच जातो. त्यात उतरण्याआधी वेग कमी करणे, धावपट्टीपासून फलाटापर्यंतचे संथ जाणे-येणे आणि पुन्हा उंची गाठणे यांचीही भर पडते. बाकीचा हिशेब वाऱ्याचा आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय ही तुलना अपुरी राहते. मध्य अक्षांशांत साधारण दहा किलोमीटर उंचीवर जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि हिवाळ्यात त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. विनाथांबा विमान सहसा ध्रुवाची वाट सोडून ईशान्येला जपानच्या बाजूने उत्तर पॅसिफिक ओलांडते. त्यात किलोमीटर वाढतात, पण वारा पाठीशी मिळतो. फ्रँकफर्टच्या वाटेने दोन्ही टप्पे पश्चिमेकडचे असल्याने तोच वारा समोरून येतो. म्हणूनच परतीच्या प्रवासात, जेव्हा फ्रँकफर्टमार्गे जाणारे विमान पूर्वेकडे निघते, तेव्हा दोन्ही पर्यायांतील वेळेचा फरक बराच कमी होतो.

वेळेचा अंदाज तिकिटावरील घड्याळावरून बांधू नये. न्यूयॉर्क हिवाळ्यात सिंगापूरच्या १३ तास मागे असते, उन्हाळ्यात १२ तास. त्यामुळे जानेवारीत मध्यरात्री निघालेले विनाथांबा विमान त्याच तारखेला पहाटे सहाच्या सुमारास पोहोचते.

आसनांचा मुद्दा अनेकांसाठी निर्णायक ठरेल. सिंगापूर एअरलाइन्सच्या एअरबस ए३५०-९०० यूएलआर या खास दूर पल्ल्याच्या विमानात १६१ आसने आहेत, ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी वर्गाची. साधा इकॉनॉमी वर्ग त्यात नाहीच. इकॉनॉमीचे तिकीट हवे असणाऱ्यांना थांब्याची वाट धरणे ओघानेच येते. शिवाय चार तासांहून अधिक काळ हालचालीविना बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, हे लक्षात घेता ज्यांना असा त्रास पूर्वी झाला आहे त्यांनी डॉक्टरांशी बोलूनच अठरा तासांचे उड्डाण निवडावे. फ्रँकफर्टला उतरून चालता येते, ही त्यांच्यासाठी मोठी सोय आहे.

माझ्या मते जाताना विनाथांबा आणि येताना फ्रँकफर्टमार्गे ही विभागणी सर्वाधिक हिशेबी आहे. मात्र फ्रँकफर्टला विमान बदलायचे असेल, तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत, कारण पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकल्यास पुढची व्यवस्था करण्याची जबाबदारी तेव्हाच विमान कंपनीकडे राहते.