चार चिनारच्या बेटावरचा आमचा फोटो आणि ८७,००० रुपये

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मुख्याध्यापक आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात आजही कोणाला अर्ज लिहायचा असला किंवा बँकेचा फॉर्म भरायचा असला तर माणसे माझ्याकडे येतात. हे आधीच सांगतो, कारण ‘एवढा शिकलेला माणूस असून’ असे जे तुमच्या मनात येईल, ते गावाने मला तोंडावर ऐकवून झाले आहे. काश्मीर सहलीच्या नावाखाली मला फसवणारा कोणी परक्या मुलखातला नव्हता. तो आमच्याच तालुक्याच्या गावी सहली-तिकिटांचे दुकान मांडून बसलेला माझा विद्यार्थी आहे, चौथीत माझ्या वर्गात होता.

सोयाबीन निघाले होते आणि कापसाचा पहिला वेचा व्हायचा होता. त्या फुरसतीत आम्ही चौदा जणांनी वैष्णोदेवीला जाण्याचे ठरवले. वैष्णोदेवीच्या पायथ्याच्या कटऱ्यापर्यंतचे जाणे-येणे आमचे आम्हीच पाहिले होते. ‘तेथवर जाताच आहात तर एक दिवस काश्मीर पाहून या’ ही कल्पना या विद्यार्थ्याची. कटरा ते श्रीनगर वंदे भारत जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून हा प्रवास तीन तासांचा झाला आहे, ही गोष्ट खरीच आहे. अशा माणसाच्या बोलण्यात एक खरी गोष्ट असतेच. सकाळी कटऱ्याहून निघायचे, स्टेशनवर गाडी घ्यायला येणार, दल सरोवरात शिकारा, चार चिनारचे बेट, नंतर निशात आणि शालिमार बागा, संध्याकाळी परतीची गाडी. माणशी ३,९०० रुपये, चौदा जणांचे ५४,६००. पैसे गोळा करणारा मी. त्यातले २०,००० रोख दिले आणि ३४,६०० यूपीआयने. रक्कम पाठवताना मोबाइलवर नाव आले ते त्याचे नव्हतेच. विचारल्यावर ‘साळ्याचं खातं हाय, गुरुजी’ असे उत्तर मिळाले. धंदा याचा आणि खाते साळ्याचे, एवढ्यावरच मी उठायला हवे होते.

पण ज्या क्षणासाठी मी स्वतःला अजून माफ केलेले नाही तो त्यानंतरचा आहे. प्लॅस्टिकच्या एकाच फोल्डरमध्ये त्याने दोन कागद दिले. एकावर दिवसाचा कार्यक्रम होता, ‘सायंकाळी ५ पर्यंत स्थलदर्शन’. दुसऱ्यावर परतीचे तिकीट होते आणि त्यावर श्रीनगरहून सुटण्याची वेळ दुपारी दोनची छापलेली होती. चश्मा लावून मी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि बोट ठेवून विचारलेसुद्धा. तो हसून म्हणाला, ‘ते जुनं टाईम हाय, गाडी आता सांजची झाली. तुमी काऊन घोर करता, मी हावो ना!’ ज्याने तीस वर्षे चौथीच्या मुलांना ‘एक गाडी सकाळी आठ वाजता सुटली तर’ अशी गणिते घातली, त्याने सकाळी अकराच्या सुमारास पोहोचून दुपारी दोनला निघणाऱ्या गाडीचे गणित दुकानदाराकडून सोडवून घेतले आणि वर चहा पिऊन घरी आला. गाडीची वेळ रेल्वेच्या १३९ वर फोन करून कोणालाही कळते. त्याच संध्याकाळी शेजारच्या मुलाने मोबाइलवर सगळे पीएनआर तपासून दिले, चौदाही जागा पक्क्या होत्या, म्हणून मी निर्धास्त झालो. पीएनआर एकदा पाहून भागत नाही, निघण्याच्या दिवशी पुन्हा पाहावा.

अर्थात तो पाहणार कशावर? बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागते. चौदा जणांत एकाकडेही पोस्टपेड नव्हते. ‘फोन चालते तिकडे’ असे तो छातीठोकपणे म्हणाला होता. हे अज्ञान होते की डाव होता हे मला सिद्ध करता येणार नाही, पण माझे मत पक्के आहे. सिम बंद म्हणजे यूपीआयही बंद. खिशात रोख ठेवली होती म्हणून निभावले.

जातानाची तिकिटे खरी निघाली. श्रीनगरचे स्टेशन नौगाम भागात, दल सरोवरापासून बरेच दूर आहे आणि आम्हाला घ्यायला कोणीही आलेले नव्हते. दोन गाड्या करून घाटावर पोहोचलो आणि ‘शिकारा : पेड’ असे छापलेले कुपन पुढे केले. शिकारावाल्या म्हाताऱ्याने ते उलटेसुलटे पाहिले, अदबीने माझ्या हातात परत ठेवले आणि घाटावरच्या दरफलकाकडे बोट दाखवले. त्याच्याच फोनवरून आमच्या दुकानदाराला फोन लावला तर तो बंद. घड्याळात साडेबारा वाजले होते. त्या वेळी उलट्या पावली स्टेशन गाठून चौकशी केली असती तर निदान काय घडले आहे ते उजेडी समजले असते. पण सोबतच्या बाया पाण्याकडे पाहत होत्या, त्यांनी जन्मात एवढे पाणी धरणाशिवाय कुठे पाहिले नव्हते, आणि माझ्याने ‘परत फिरा’ म्हणवेना. चार शिकाऱ्यांचे ६,००० रुपये दिले. शिकारावाल्यांनी आम्हाला कोठेही फसवले नाही, हे मुद्दाम लिहितो.

बेट सुंदर आहे. चार कोपऱ्यांतल्या चार चिनारांवरून त्याचे नाव पडले आणि शहाजहानचा मुलगा मुरादबक्ष याच्याशी त्याचा संबंध सांगतात. पाने तांबडी झालेली होती. तेथे आम्ही एक फोटो काढला, सगळे हसत आहोत.

साडेपाचला स्टेशनवर पोहोचलो तेव्हा कळले की गाडी दुपारी दोनलाच गेली. गाडी चुकल्याचे दुःख करावे तर तिकीटच नव्हते. परतीची चौदाही तिकिटे तीन दिवसांपूर्वी रद्द केली गेली होती. हे त्याला जमले, कारण ती रेल्वेच्या संकेतस्थळावरच्या त्याच्या वैयक्तिक आयडीवरून काढलेली, मोबाइल नंबर त्याचा आणि परतावाही त्याच्याच खात्यात. अधिकृत एजंटाने काढलेले तिकीट रद्द झाले तर परताव्याचा ओटीपी प्रवाशाच्या मोबाइलवर येतो, पण त्यासाठी तिकिटावर नंबर आपला असावा लागतो. तो छापील तिकिटावर आधी बघा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत चौदा जागा मिळाल्या नाहीत. कुडकुडत स्टेशनजवळ चार खोल्या घेतल्या, त्यांचे ७,०००; कटऱ्यापर्यंत दोन गाड्या, १७,०००; आणि त्या दिवशीच्या स्टेशन-घाट फेऱ्यांचे २,४००. म्हणजे शिकारे धरून वरचे ३२,४००, आणि एकूण ८७,०००. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. त्या भावाने सोळा क्विंटलांहून जास्त झाले, आणि तो भाव बाजारात कोणाच्या हातात पडला हे आपण जाणतोच.

परत आल्यावर दुकान गाठले तर याचे उत्तर तयार होते : ‘गाडी तुमीच चुकवली, गुरुजी. तिकिटावर दोनचं टाईम होतं ना?’ माझेच बोट, माझाच प्रश्न, माझ्यावरच उलटला. पोलीस ठाण्यातही हेच. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात होते. दुसऱ्या खेपेला ‘घटना श्रीनगरची, तिकडे तक्रार द्या’ असे सांगितले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावी लागते, असे मी नम्रपणे म्हणालो, तर मग ‘हा दिवाणी वाद आहे’ असे निघाले आणि वर ‘गुरुजी, आता आम्हाला शिकवता का?’ हेही ऐकून घेतले. पैसे तालुक्यात दिले, तिकीट तालुक्यात रद्द झाले, माणूस ठाण्यापासून चार दुकानांवर बसतो, तरी घटना श्रीनगरची! तिसऱ्या खेपेला अर्जाच्या दुय्यम प्रतीवर पोच मिळाली, तीही तारखेशिवाय. तारीख मीच आग्रहाने घालून घेतली. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला तेव्हा बारा दिवस उलटून गेले होते आणि खात्यात काही उरलेले नव्हते. हा फोन पहिल्या तासातच करायचा असतो. बँकेने ‘तुम्ही स्वतःच पाठवले’ म्हणून हात वर केले. परवान्याशिवाय तिकिटांचा धंदा करणे रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे, म्हणून रेल्वे सुरक्षा दलाकडेही लेखी तक्रार दिली. तेथून अजून उत्तर नाही.

ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, हे मला कोणत्याही कार्यालयाने सांगितले नाही, स्वतः वाचावे लागले. पावती मागून घ्या. माझ्याकडे आहे ती वहीच्या पानावरची, आणि तिच्यावरचा जीएसटी क्रमांक चौदाच आकड्यांचा आहे. तो पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, हेही नंतरच कळले.

तेरा घरांचे पैसे मी हप्त्याहप्त्याने परत करतो आहे. कोणी मागितले नाहीत, पण पारावर मी गेलो की बोलणे थांबते.

मागच्या आठवड्यात एसटी स्टँडसमोर त्याचा नवा फ्लेक्स लागला, ‘काश्मीर दर्शन, मर्यादित जागा’. आमच्यातल्या कोणीतरी गावच्या ग्रुपवर टाकलेला चिनारखालचा तो फोटो त्याने उचलला आहे. मध्यभागी मी आहे, टोपी घालून, हसताना.