लॉक हातातनं दिला आणि 19,350 रुपयांना बुडालो

लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं, कारण घरात आधीच "एवढा शहाणा माणूस आणि..." हे ऐकून कान किटलेत. पण डिचोली-म्हापसा भागात माझ्यासारखे जुनी डीटीपीची (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायची) मशीन सांभाळून बसलेले अजून बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी लिहितो.

माझा लॅपटॉप आयबीएम थिंकपॅड आर 51, 2004 चा. विंडोज एक्सपी, पानं लावायला पेजमेकर 7 आणि मराठी टाईप करायला श्रीलिपी. श्रीलिपीचा लॉक, म्हणजे जो मशीनला लावल्याशिवाय टाईप करता येत नाही तो छोटा पार्ट, जुना, मागच्या प्रिंटर पोर्टला लागणारा. नवीन मशीनला तो पोर्टच नसतो, आणि यूएसबीवरून प्रिंटर जोडायची केबल मिळते तिच्यावर माझा लॉक चालला नाही, हे मी स्वतः करून बघितलंय. त्यामुळे "काका युनिकोडवर (कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या नव्या मराठी अक्षरांवर) या" हा सल्ला कृपया नको. कळतं मला. पण देवस्थानच्या पत्रिका, नाटकांची हँडबिलं, आरत्यांची पुस्तकं असं वीस वर्षांचं काम त्या फॉन्टमध्ये आहे, दुसऱ्या कुठल्या मशीनवर फाईल उघडली की नुसता इंग्लिश अक्षरांचा चिवडा दिसतो.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) तोंडावर मशीन चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर 161 आणि 271 असे दोन आकडे, पुढे काहीच नाही. दोन आरत्यांची पुस्तकं डोक्यावर होती, मी घाबरलो. व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने म्हापशातल्या बाजारामागच्या गल्लीतल्या दुकानाचा नंबर टाकला होता, तिथे गेलो. पोरगा गोड बोलायचा. "अंकल, टेन्शन नाका, दोन दिसांनी जाता." चेकिंगचे 500. मग फोन, मदरबोर्डची चिप गेली, 4,800. मग बॅटरी 350. मग हार्ड डिस्क मेली, डेटा काढायला 6,500. शेवटी म्हणे लॉकचं लायसन्स संपलं, पुण्याला पाठवून रिन्यू करायला लागेल, 7,200. अहो, पंधरा वर्षं तोच लॉक रोज चालत होता, त्याचं लायसन्स एकदम चवथीलाच कसं संपलं? हे आज सुचतंय. त्या दिवशी डिस्कसाठी दिलेले पैसे आधीच अडकले होते, आता मागे फिरलो तर सगळंच जाईल असं वाटून देत गेलो. ही युक्ती सगळ्यांना माहीत असते हो, मलाही माहीत होती. जीपेवर पैसे पाठवताना नाव तिसऱ्याच माणसाचं येत होतं, विचारलं तर "भावाचं अकाउंट". पावती मागितली नाही. तुम्ही मागा, आणि नाव जुळत नसेल तर पैसे टाकूच नका.

आता जे मला झोपू देत नाही ते सांगतो. लॅपटॉप घ्यायला गेलो तेव्हा त्याने तो चालू करूनच काउंटरवर ठेवला होता. पेजमेकर उघडून माझीच गेल्या वर्षीची पत्रिका दाखवली, मराठी अक्षरं छान दिसत होती, माझा जीव भांड्यात पडला. खाली कोपऱ्यात घड्याळात 1 जानेवारी 2003 दिसत होतं. नवीन बॅटरीचे 350 दिलेत आणि तारीख 2003! मी विचारलं सुद्धा, तो म्हणाला नेट जोडलं की आपोआप होईल, आणि मी मान डोलावली. फॉन्ट मशीनमध्ये असले की अक्षरं दिसतातच, लॉक लागतो टाईप करायला. एक "श्री" टाईप करून बघायला पाच सेकंद लागली असती. मागचा पोर्ट उघडा होता, लॉक "कुरियरला" होता, मी डोळ्यांनी बघितला तो रिकामा पोर्ट आणि बॅग उचलून कदंबा बस पकडली.

घरी बंद करून परत चालू केलं तर तेच 161, 271. भाच्याने मागचे स्क्रू काढले. आत वायर लावलेली, तारीख-वेळ सांभाळणारी गोल बटणासारखी बॅटरी असते, ती जुनीच, वरती धुळीचा थर जसाच्या तसा. 180 रुपयांची नवीन घातली, एफ 1 दाबून तारीख टाकली, मशीन सुरू. म्हणजे बिघाड एवढाच होता! मग त्याने माय कॉम्प्युटर उघडून विचारलं, मामा तुझी डिस्क 80 ची होती ना? तिथे सी ड्राइव्ह 37.2 जीबी. 80 ची डिस्क विंडोजमध्ये 74.5 दाखवते, 37.2 म्हणजे 40 ची. चांगली डिस्क काढून घेतली, जुनी टाकली, तीन फोल्डर कॉपी केले, 2009 ते 2014 चं काम गायब. दुरुस्तीला देण्याआधी डिस्क काढून घरी ठेवा, दोन स्क्रूचं काम आहे. ते जमत नसेल तर सीरियल नंबरचा फोटो तरी काढा. आणि "खराब" झालेला पार्ट परत मागा, मला "फेकली" म्हणून सांगितलं.

नऊ दिवस लॉकची वाट बघितली. मग फोन बंद, शटर बंद.

पोलिसांकडे गेलो. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी, "हें आमचें काम न्हय, कन्झ्युमरमध्ये जा." तिसऱ्या दिवशी एकाने ऐकून घेतलं आणि म्हणाला अर्ज टाईप करून आणा. टाईप करून! अहो, टाईप करायचं मशीनच तर गेलंय, त्याचीच तक्रार घेऊन उभा आहे मी तुमच्यासमोर. शेवटी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे 60 रुपये देऊन टाईप करून घेतला, तर पावती कुठेय, लॉक म्हणजे काय, कुलूप काय, त्याची किंमत किती. कुलूप नाही हो, समजावता समजावता अर्धा तास गेला आणि त्याने कागदावर "लॅपटॉपचा पार्ट" लिहिलं. पोच अजून मिळालेली नाही. बँकेत तर बाईंनी मान वर न करता सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. हो, मीच टाकला, म्हणून तर आलोय ना! ऑनलाईन पैसे गेले की त्याच दिवशी 1930 ला (सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला) फोन करा, मी नऊ दिवसांनी केला, तोवर काय राहणार. ग्राहक आयोगात, मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला फी नाही, तो अर्ज आता भाचा भरतोय.

मशीन चालतंय, जुन्या फाईली वाचता येतात, एक वेलांटी बदलता येत नाही. दोन्ही पुस्तकं दुसऱ्याकडे गेली.

कुणाकडे श्रीलिपीचा जुना प्रिंटर पोर्टवाला लॉक विकायला आला तर उलटा करून बघा. निळा आहे, मागे काळ्या मार्करने "डि-2" लिहिलंय. ते अक्षर माझं आहे.